हायवेच्या अलीकडची पाचवी

९ मार्च २००३

शेठनं जानेवारीत कारखान्यातल्या सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. माझी आजवर पत्र्याच्या पेटीवर कोरीच पडून होती. आज सुट्टी. धाकटा बाळ्या झोपलाय, थोरली पल्लवी नळावर गेलीये आणि भागी घरात नाही, म्हणून उघडली. पेठकडच्या आश्रमशाळेत नववीपर्यंत होतो तेव्हा माझं अक्षर चांगलं होतं. गुरुजी फळ्यावरचा सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे. नाशिकला अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनवर लागल्यापासून पेन धरायचं कामच पडलं नाही.

भागी, म्हणजे माझी बायको, गल्लीतल्या वयस्कर अक्काबाईच्या ओट्यावर आहे. वस्तीतल्या सगळ्या बाया तिथे जमल्यात. विषय असा, की आमच्या वस्तीतली शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर हायवे ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागतं. पोरगे कसेबसे जातात. बहुतेक पोरींचं शिक्षण चौथीला संपतं. बाया म्हणतात, पाचवी इथेच पाहिजे.

पल्लवी यंदा चौथीत. मी भागीला सांगून टाकलंय, जूनपासून ती घरी राहील आणि बाळ्याला बघेल. पोरीला वाचता-लिहिता आलं, बास झालं.

हायवेची भीती वगैरे काही नाही. माझी सायकल कितीदा त्याच हायवेनं जाते.

१२ मार्च

जेवताना भागीनं विषय काढला. "पोरगी हुशार हाय. तिला घरी बसवायची नाय."

मी म्हटलं, "मग काय हायवे ओलांडायला लावतेस? झुंबरच्या ललिताचं काय झालं, बघितलं ना?"

"म्हनून तर पाचवी हितं मागतोय आमी."

झुंबर आमचा शेजारी. गेल्या पावसाळ्यात त्याच्या ललिताला शाळेत जाताना टेम्पोनं उडवलं. मी कामावर निघालो होतो. मीच तिला उचलून रिक्षात घातली, दवाखान्यात नेली. पाय वाचला, पण पोरगी लंगडते. शाळा सुटली ती सुटलीच. त्या दिवशी जो शर्ट अंगात होता तो भागीनं स्वच्छ धुतला, पण मी काही परत घातला नाही. रंग उडाला होता त्याचा.

२ एप्रिल

पाडवा. श्रीखंड आणलं होतं, पण निवांत खाऊन झालं नाही, कारण इंदिराबाई आल्या. भागी सिडकोत त्यांच्याकडे भांडी घासते. मोठ्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्यात. माहेर पंचवटीतलं, रामकुंडावर पूजा सांगणाऱ्यांचं. लुनावर आल्या आणि थेट अक्काबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या.

मला वाटलं आता भाषण देतील. पण त्या म्हणाल्या, "भागीबाई, काय करायचं ते तुम्ही सगळ्या ठरवा. अर्ज लिहायचा असेल तर मी आहे." आणि नंतर नुसत्या ऐकत बसल्या. एवढ्या शिकलेल्या बाईला काही सुचू नये याचं आश्चर्य वाटलं.

बोलत सगळं भागीच होती. एवढं बोलते हे मला माहीत नव्हतं. घरी तर नुसतं मीठ-मिरचीचं बोलणं.

२१ एप्रिल

भागी आणि अक्काबाई घरोघर फिरतात. कुणाचं पोर चौथीत, कुणाचं बसलंय घरी, कुणाला परत शाळेत यायचंय, विचारत. कामावरून येते, भाकरी टाकते की चालली. काल म्हणे नव्या पत्र्याच्या खोल्यांत गेल्या होत्या, तिथे नुसते बिहारी गडी राहतात.

शेजारच्या लेथवरचा बहिरू आज सगळ्यांसमोर म्हणाला, "दत्तू, वहिनी नगरसेवक होणार म्हणतात. आम्हाला पण नळ दे एखादा." सगळे हसले. मी पण हसलो, पण मन कुठे होतं कुणास ठाऊक, मशीनवर लावलेला जॉब बिघडला. फोरमननं झापलं.

घरी येऊन भागीला बोललो. जास्तच बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मंग जेवा आता."

१४ मे

बाया आज शिक्षणाच्या ऑफिसात जाऊन आल्या. काय झालं ते भागीनं चहा पिता पिता सांगितलं, हातवारे करून.

साहेब म्हणाले, "बाई, कुंभमेळा तोंडावर आलाय. सगळं शहर साधूंच्या तयारीत आहे. खोली नाही, शिक्षक नाही. कुंभमेळा होऊ द्या, मग बघू."

भागी त्यांना म्हणाली, "सायेब, साधू येतील आनि जातील. आमची पोरं हितंच ऱ्हानार हायेत."

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले. पानी पाजलं. जा म्हनाले."

मला वाटलं, आता निवळेल. पाणी पाजून पाठवलं म्हणजे संपलं. मनाला बरं वाटायला हवं होतं. साहेबाचा रागच आला उगाच.

१६ जून

शाळा सुरू झाल्या. आज जे झालं ते नीट लिहितो.

पहाटे उठलो तर पल्लवी नव्या गणवेशात, वेणी घालून बसलेली. भागीनं मला आधी काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, ते असं, "पाचवी हितं मिळत नाय तोवर पोरांना आमी पल्याड नेनार. सगळ्या बायांनी वार वाटून घेतलेत. सकाळी नेनार, दुपारी आननार. पल्लवी बी जानार."

अक्काबाईनं आपलं जुनं लाल लुगडं फाडून दोन काठ्यांना बांधलंय. दोन बाया रस्त्यात उतरतात, लुगडं आडवं धरतात, गाड्या थांबल्या की बाकीच्या बाया पोरांना घेऊन पळतात. मधल्या पट्ट्यावर थांबतात, मग पुन्हा तसंच पुढचा अर्धा.

मी म्हटलं, "हायवे काय तुझ्या बापाचा हाय? ट्रकवाला थांबला नाय तर?"

"थांबंल," ती म्हणाली.

पल्लवी माझ्याकडे बघत होती. मी सायकल काढली. भागीशी बोलणं आजपासून बंद. इथे लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

३ जुलै

अबोला चालू आहे. भागीला त्याचं काही दिसत नाही.

कारखान्याला जायचा माझा रस्ता आतून, वस्तीच्या मागून आहे. पण पावसानं तिथे चिखल झालाय, म्हणून आजकाल हायवेच्या कडेनं जातो. लांब पडतं. जिथे बाया पोरांना ओलांडून देतात तिथे समोरच चहाची टपरी आहे. सायकलला जरा विश्रांती म्हणून थांबतो. सातला शाळा भरते, त्याच्या आत पोरं पलीकडे गेलेली असतात. पल्लवी रस्ता ओलांडताना खाली बघून चालते. वर बघ म्हणून सांगायला पाहिजे कुणीतरी.

टपरीवाला सावळीराम आज म्हणाला, "रोज येता, पन चहा काय घेत नाय."

१९ जुलै

पाऊस इतका की इगतपुरीकडून आलेल्या गाड्यांच्या टपावरून पाणी गळतंय. आज लाल लुगडं धरायला फक्त भागी आणि अक्काबाई. बाकीच्या बायांची कामं बुडतात. कुणाच्या शेठाणीनं सांगितलं, उशीर झाला तर दुसरी बाई बघते. कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला.

रात्री जेवण झाल्यावर भागी भिंतीला टेकून बसली होती. पायाला लुगड्याची चिंधी बांधलेली, चप्पल तुटून कापलं होतं. मी बोललो नाही, अबोला आहे. चप्पल मात्र नेऊन शिवून आणली. तशीही मला माझी वहाण शिवायची होती.

४ ऑगस्ट

टपरीवर गेलो तर सावळीरामनं बाकडं पुसून ठेवलेलं. म्हणाला, "वहिनी सांगून गेल्या, आमच्या मालकाला उभं ठेवू नका म्हनून."

मी टपरीवर थांबतो हे तिला कसं कळलं? काही समजत नाही.

१८ ऑगस्ट

दवाखान्यातून आत्ता आलो, उशीर झालाय. तरी लिहितो.

कालच्या शाहीस्नानाची गर्दी अजून परत चाललीये. हायवेवर बसच्या मागे बस, जीप, ट्रक. सकाळी भागी आणि अक्काबाई लुगडं घेऊन उतरल्या. पुढची बस थांबली. तिच्या बाजूनं एक ट्रक घुसला. ब्रेक लागले, पण ओल्या रस्त्यावर ट्रक सरकत आला. अक्काबाईनं काठी सोडली नाही. ट्रकच्या कोपऱ्यानं तिला बाजूला फेकलं.

पोरं मधल्या पट्ट्यावर पोचली होती. सगळी. पल्लवी पण.

मी टपरीवरून कसा पळालो ते आठवत नाही. अक्काबाईला उचलली. ती ओरडत होती, "माजं सोडा, पोरं मोजा, पोरं मोजा." हात मोडलाय तिचा, खुब्याला मार आहे. डॉक्टर म्हणाले, बरी होईल.

रिक्षात भागी माझ्या शेजारी बसली होती. माझ्या शर्टाची बाही तिनं घट्ट धरली होती. मी म्हटलं, "सोड, फाटंल." एवढंच बोललो. अबोला मोडला की नाही, ठरवता येत नाही.

१९ ऑगस्ट

संध्याकाळी देवळासमोर वस्तीची बैठक. या वेळी बाप्येही आले. वस्तीतले जुने झिपरू काका म्हणाले, "झालं तेवढं बास. उद्या पोर गेलं तर कोन भरून देनार?" बाप्ये माना डोलवत होते. बाया गप्प होत्या. भागीसुद्धा गप्प. ती तशी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

मी उभा राहिलो. मला सांगायचं होतं, काका बरोबर बोलतात, पाचवी मिळेल तेव्हा मिळेल, आपल्या पोरी घरीच बऱ्या. मनात तेच होतं, देवाशपथ. पण तोंडातून निघालं ते असं, "दोन बाया म्हनून ट्रकवाला घुसला. दहा बाप्ये उभे राहिले तर घुसंल का? माझा लेथ आठला चालू होतो. सकाळी मी उभा राहतो."

 मग मागून झुंबर उठला. पोरीला टेम्पोनं उडवलं तेव्हापासून तो हायवेच्या बाजूला फिरकत नाही. तो म्हणाला, "मी बी येतो. पल्याडच्या अंगाला मी."

घरी येताना भागीला म्हटलं, "मला तसं म्हनायचं नव्हतं."

ती म्हणाली, "माहीत हाय."

२७ ऑगस्ट

दुसरं शाहीस्नान. पंचवटीत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. इंदिराबाईंचं माहेर तिकडेच. भागी संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात बसून होती. भाऊ सुखरूप असल्याचा निरोप आला तेव्हा उठली. बाया परवा पुन्हा ऑफिसात जाणार होत्या, ते पुढे ढकललं. असल्या वेळी मागणं बरं दिसत नाही.

सकाळी मात्र पोरांना नेलं. आता आम्ही सात-आठ बाप्ये असतो. बहिरूसुद्धा येतो. त्याला वस्तीत पोर नाही, कुणी नाही. म्हणतो, "गाड्या थांबवायला मजा येते."

२२ सप्टेंबर

आजचा दिवस! शेठला सांगितलं पोट दुखतंय, आणि गेलो. कुंभमेळा संपला म्हणून बाया गेल्या पंधरवड्यात ऑफिसात जाऊन आल्या होत्या. तेव्हा साहेब म्हणाले, आता दिवाळी होऊ द्या. त्यावर भागीनं डोकं लावलं. मला वाटलं मोर्चा काढतील, घोषणा देतील. ती म्हणाली, "घोषना कशाला? पोरांचा अभ्यास बुडवायचा नाय."

अकराच्या सुमाराला आम्ही सगळी पोरं घेऊन ऑफिसात गेलो आणि लांबलचक व्हरांड्यात भिंतीला लागून बसवली. समोर दप्तरं. पलीकडच्या शाळेत जाणारी, शाळा सोडलेली, सगळी. झुंबरनं ललिताला सायकलवर बसवून आणली होती. इंदिराबाईंनी स्टुलावर लहान फळा टेकवला आणि पाचवीचा वर्ग सुरू केला. भूगोल झाला, नाशिक जिल्हा. एक पोरगं नकाशावर पेठ शोधून दाखवत होतं. मग गणित. मग पाढे. एका सुरात.

कारकून येऊन सांगून गेला, इथे बसता येत नाही. भागी म्हणाली, "आमी कुठं बसलोय? वर्ग बसलाय." शिपाई पोरांना चुकवत फायली घेऊन जायचा. दुसऱ्या कामाला आलेली माणसं थांबून ऐकायला लागली. एक म्हातारे गृहस्थ पोरांबरोबर पाढा म्हणत होते.

शेवटी साहेब बाहेर आले. पाहिलं तर अगदी साधा माणूस, घामेजलेला. म्हणाले, "भागीबाई, माझ्याकडे शिक्षक आहे हो. खोली नाही. दोन खोल्यांत चार वर्ग बसतात, पाचवा कुठे बसवू?"

"खोली आमी दिली तर?"

"तर दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षक देतो."

भागी इंदिराबाईंकडे वळली. "बाई, सायेब काय म्हनाले ते लिहून घ्या, आनि त्यांची सही घ्या."  मग साहेबांनीच पेन काढलं.

येताना पोरं बसमध्ये अजून पाढे म्हणत होती. कंडक्टर वैतागला होता. भागी खिडकीशी बसली होती आणि मी मागच्या सीटवरून तिच्याकडे बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बसमधून जाताना तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. धूळ लय होती, डोळ्यांत गेली.

१२ ऑक्टोबर

शाळेच्या बाजूच्या मोकळ्या जागेत खोली उभी राहतेय. विटा वीटभट्टीवाल्या मुकादमानं दिल्या, तुकड्याच्या, पण चालतात. शेठला पोटदुखीचं खरं कारण कळलं होतं. त्यानं आत बोलावलं, मला वाटलं काढतो. म्हणाला, "मागे लोखंडी अँगल पडलेत, घेऊन जा. आणि पुढच्या वेळी खरं सांगून रजा घे." बहिरूनं वेल्डिंग केलं. बाया पाणी वाहतात. अक्काबाईचा हात अजून गळ्यात आहे, खाटेवर बसून सगळ्यांना शिव्या देते, भिंत वाकडी आहे म्हणते. ओळंबा लावून बघितला, खरंच जरा वाकडी होती. पुन्हा काढली.

१७ नोव्हेंबर

पाचवी सुरू झाली.

शिक्षिका आल्या, यशश्री मॅडम. पंचवीस-सव्वीसच्या असतील, स्कूटीवर आल्या. खोलीकडे बघून क्षणभर थबकल्या. पत्रा, ओला गिलावा, चुन्याचा वास. मला वाटलं परत जातात. मग त्यांनी ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "फळा त्या भिंतीला लावू या का? इकडे उजेड डोळ्यांवर येतो." आम्ही फळा काढून दुसरीकडे ठोकला.

पल्लवी पहिल्या रांगेत बसली. सगळ्यात शेवटी ललिता आली, भिंतीचा आधार घेत घेत. वर्गात सगळ्यांत मोठी तीच. दारात थांबली. पल्लवी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली. ललिता आत आली.

झुंबर बाहेर माझ्याजवळ उभा होता. मला म्हणाला, "दत्तू, त्या दिवशी तू तिला उचलली नसतीस तर..."  

मला आता कबूल करायला हरकत नाही, की पोरीला शिकवायला माझी ना कधीच नव्हती. रस्त्याचाच काय तो प्रश्न होता, आणि तो मिटला. त्यामुळे आता डायरीत लिहायचं काही उरलं नाही. राहिलेली पानं पल्लवीला कच्चं गणित करायला देईन म्हणतो.

२० नोव्हेंबर

एक लिहायचं उरलंच.

आज सकाळी पाय सवयीनं हायवेकडे वळले. वस्तीतली लहान पोरं आता जात नाहीत, सहावी-सातवीचे मोठे पोरगे आपले आपण जातात. सावळीरामकडे चहा घेतला, या वेळी खरोखर घेतला. निघणार तोच रस्त्याच्या कडेला पोरं दिसली. आमच्या वस्तीतली नव्हती. पाच-सहा जण, हातात पिशव्या, एक पोरगी सगळ्यांत पुढे. तिनं मला विचारलं, "बाबा, हितंच पार करून देत्यात ना?"

"तुम्ही कुठली?"

"खाणीवरली. आमच्या आईला एका बाईनं सांगितलं, हितं बाया लाल कापड धरत्यात म्हनून." ती इकडेतिकडे बघायला लागली. "बाया न्हाईत का आज?"

खाण म्हणजे वस्तीच्या मागच्या डोंगराकडे, चांगली लांब. तिथून ही पोरं अंधारात निघाली असणार. लाल लुगडं तर अक्काबाईच्या घरात. मी गळ्यातला टॉवेल काढला, रस्त्यात उतरलो आणि दोन्ही हातांनी उंच धरला. सावळीराम चहा टाकून दुसऱ्या अंगाला धावला. गाड्या थांबल्या. पोरांना पलीकडे नेलं. शाळा दिसेपर्यंत त्या पोरीनं माझं बोट सोडलं नाही. कामावर उशीर झाला. शेठला खरं कारण सांगितलं.

संध्याकाळी भागीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"किती पोरं हायेत त्या खानीवर? त्यांच्या आया कुठं ऱ्हातात?"

"मला काय माहीत?"

तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या. पल्लवीला म्हणाली, "बाळ्याला बघ गं." आणि चालायला लागली. खाणीचा रस्ता तिला माहीत नव्हता. मला होता. मी दाराला बाहेरून कडी लावली, मग आत पोरं आहेत हे आठवून ती काढली आणि तिला गाठायला पळत निघालो.